दोनशे अँपिअरचं मशीन आणि त्याचा चिमटा: सात महिन्यांनंतर

सात महिन्यांत या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवर भंगारातून पाच लॅम्प, तीन स्टुलं आणि दाराजवळची एक खुंटाळी झाली. स्पेसिफिकेशन तुम्ही वाचलेलीच असणार, तेव्हा थेट अर्थिंगच्या चिमट्यावर येतो, म्हणजे कामाच्या लोखंडाला लावून करंटची वाट पुरी करतो तो.

सोबत येतो तो चिमटा कपडे वाळत घालायच्या लायकीचा. स्प्रिंग ढिली, जबडा पत्र्याचा. पहिला महिनाभर आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची वितळवणारी ठिणगी, पकडायचा नाही, रॉड चिकटून बसायचा. मी मशीनला एक स्टार देऊन मोकळा झालो होतो. तो आज मागे घेतोय. ३५० रुपयांचा जड पितळी चिमटा आणला, तो धरायच्या जागेवरचा रंग नि गंज ग्राइंडरने उतरवला, आणि अडीच एमएमचा ६०१३ नंबरचा रॉड ८० अँपिअरला सरसर चालायला लागला. मग कंपनीने ३५० रुपयांसाठी स्वतःचं नाक का कापून घ्यावं?

२०० अँपिअर मात्र कागदावरच. माझ्या घरच्या मीटरवर १२०च्या पुढे काटा नेला की एमसीबी पडतो आणि वरच्या काकू गॅलरीतून विचारतात, "अजून किती वेळ?"

दिंडोरीकडे एका द्राक्षबागेचा मांडव मोडला, तिथले जुने अँगल किलोवर घेतले. जस्ताचा मुलामा न घासता, शटर ओढून वेल्डिंग केलं. पांढरा धूर झाला आणि रात्री हुडहुडी भरून ताप. सकाळी उतरला, पण आता आधी मास्क लावून मुलामा घासतो नि शटर पूर्ण उघडं ठेवतो.

सहाव्या महिन्यात मशीन बंद. सर्व्हिस सेंटर म्हणे, आत लोखंडाचा कीस आहे, वॉरंटीत बसत नाही, बोर्डाचे ४,२०० पडतील. अहो, मशीनच ६,८०० चं! तीन दिवस फोनवर भांडलो. शेवटी सातपूरच्या एका कारागिराने झाकण उघडून दाखवलं: बोर्डावर काळी मखमल. मी शेजारीच ग्राइंडर चालवायचो आणि पंखा सगळा कीस आत ओढायचा. म्हणजे चूक माझी. पण जाळीतून काडेपेटीची काडी जाते, ती चूक कोणाची? ब्लोअर मारून, एक पार्ट बदलून ९०० घेतले त्याने.

आता मशीन ब्रेक डिस्कच्या स्टुलावर, ग्राइंडर दुसऱ्या टोकाला. जुना चिमटा सायकलच्या चेनच्या लॅम्पला जोडलाय, लाइटबिलं अडकवायला. तीही निसटतात.