गुळवेलीच्या टॉक्सिसिटी टेस्टचा अनुभव: पाचपैकी तीन

सांगलीकडे आमचा गुळवेल अर्काचा छोटा कारखाना आहे. एका गिऱ्हाइकाने टॉक्सिसिटी रिपोर्ट मागितला म्हणून पुण्याजवळच्या एका खासगी लॅबकडे गेलो. तक्रारही करायची आहे, तेव्हा नाव लिहीत नाही.

आधी कौतुक. अर्काची बरणी पुढे केली, तर तिथल्या मॅडमनी ती बाजूला सारून विचारलं, "वेल कुठाय?" पाना-खोडासकट वेल आणून, ओळख पटवून हर्बेरियम शीट (म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना) झाल्यावरच फाईल उघडली. मी वैतागलो होतो. पण कोविडकाळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं २०२१ मध्ये गाजलं, आणि आयुष मंत्रालयाने दिसायला सारख्या टायनोस्पोरा क्रिस्पा या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवलं, ते आठवलं. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. पण वाळवून कुटल्यावर कोण ओळखणार?

चाचणी ओईसीडी ४२३, म्हणजे तोंडावाटे दिलेल्या एका डोसाचा विषारीपणा तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत. रात्रभर उपाशी ठेवलेल्या रॅटच्या (प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या) तीन माद्या, वजनाच्या किलोमागे २००० मिलिग्रॅमचा एकच डोस. त्या तगल्या की आणखी तीन. मग १४ दिवस नजर. काचेपलीकडून पाहिलं: पांढऱ्या पाठीवर ओळखीसाठी पिक्रिक ॲसिडचे पिवळे ठिपके, थेट पोटात डोस सोडायची टोकाला गोळी असलेली वाकडी सुई. २०० ग्रॅमच्या रॅटला ४०० मिलिग्रॅम अर्क दोन मिलिलिटरमध्ये बसवायचा, आणि आमचा अर्क म्हणजे काकवी! सुई तुंबली. डोस देणाऱ्या पोराने परस्पर पाणी वाढवलं नाही. सुपरवायझरला बोलावलं, सीएमसीमध्ये (अर्क सारखा मिसळून ठेवणाऱ्या घट्टसर द्रावात) पुन्हा घोटलं, वेळ घालून वहीत नोंद केली. एक स्टार त्या पोराचा.

आता तक्रार. आयएईसीची (संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची) मंजुरी "आठवड्यात" म्हणाले, लागला दीड महिना. रिपोर्टात एका मादीचं वजन २१ ग्रॅम! शून्य खाल्लं. त्याहून वाईट म्हणजे सेल्सवाला म्हणाला, "आता लेबलवर बिनधास्त 'संपूर्ण सुरक्षित' छापा." अहो, एका डोसाने सहा माद्या दगावल्या नाहीत, एवढंच यातून कळतं. रोज तीन महिने घेणाऱ्याच्या यकृताचं काय? त्यासाठी २८ किंवा ९० दिवसांची चाचणी, रक्तातलं एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृत-मूत्रपिंडाच्या स्लाइड. हे सांगितलं आमच्या वैद्यांनी, लॅबने नाही.

तरी २८ दिवसांचं कोटेशन तिथूनच मागवलंय. जाणार असाल तर अर्क एकाच बॅचचा न्या आणि वेल ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. आमची एसटीत कोमेजली, दुसरी खेप पडली.