अमेरिकेच्या जोडीला कोण? नागपूरच्या नट-बोल्टवाल्यांसाठी दुबई, युरोप आणि रशियाचा आढावा

एकाच देशावर विसंबलं की काय होतं, हे विदर्भाला संत्र्याने दाखवलंय. वरुड-मोर्शीचा माल वर्षानुवर्षं बांगलादेशात जायचा. तिथलं आयात शुल्क 2019 मध्ये किलोला 20 रुपयांच्या घरात होतं, 2023 च्या अखेरीस ते 88 वर पोहोचलं. हिंगणा-बुटीबोरीच्या नट-बोल्टवाल्यांची पाळी 2025 मध्ये आली. अमेरिकेने पोलादी मालावर मार्चमध्ये 25 टक्के आणि जूनमध्ये 50 टक्के शुल्क लावलं. हे ‘सेक्शन 232’चं, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाखाली लावलेलं शुल्क; ऑगस्टमध्ये गाजलं ते भारतीय मालावरचं सर्वसाधारण शुल्क वेगळं. त्यामुळे ‘करार झाला, शुल्क उतरलं’ अशी बातमी आली, तरी आपला एचएस कोड (मालाचा कस्टम्समधला वर्गीकरण क्रमांक) कुठल्या यादीत आहे ते सीएचएकडून, म्हणजे कस्टम्स एजंटकडून, तपासून घ्या आणि मगच भाव कळवा.

अमेरिकेचं गिऱ्हाईक सोडायचं नाही, हे धरून चालू. प्रश्न दुसऱ्या बाजारपेठेचा आहे. महिन्याला एक-दोन कंटेनर काढणारा, एचएस 7318 मध्ये (पोलादी नट-बोल्ट, स्क्रू) मोडणारा माल करणारा कारखाना डोळ्यांसमोर ठेवलाय.

दुबई

सुरुवातीला सगळ्यात सोपी. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला सेपा हा व्यापार सवलतीचा करार 1 मे 2022 पासून लागू आहे. तिथलं नेहमीचं शुल्क 5 टक्के. डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवरून ओरिजिन सर्टिफिकेट काढलं की सवलत मिळते. घोळ होतो तो किरकोळ गोष्टींत: सर्टिफिकेटवरचा इन्व्हॉइस नंबर किंवा एचएस कोड शिपिंग बिलाशी जुळत नाही, आणि माल बंदरात अडकतो. वायर रॉड, म्हणजे नट-बोल्टचा कच्चा माल, परदेशातून मागवला असेल, तर मूळ देशाचा नियम आपल्या मालाला लागू पडतो का, हे आधी कागदावर मांडून पाहा.

पण ही सवलत लुधियानाच्या नट-बोल्टवाल्यालाही मिळते आणि तो तिथे आधीच बसलाय. मार्जिन पातळच राहणार.

बिल दिरहॅममध्ये केलं म्हणजे डॉलरची जोखीम गेली, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. दिरहॅम 1997 पासून डॉलरला 3.6725 ला बांधलेला आहे. डॉलर हलला की तोही तेवढाच हलतो. वाचला तर एका रूपांतराचा खर्च वाचतो, बस्स. दुबईचं जेबेल अली बंदर होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहे, खोरफक्कान आणि फुजैरा बाहेर. सामुद्रधुनीत अडथळा आला की हा फरक महत्त्वाचा ठरतो. ऑर्डर घेतानाच पर्यायी बंदर लिहून घ्या आणि तिथून पुढचा ट्रकखर्च कोणाचा, तेही.

युरोप

दर बरा, गिऱ्हाईक टिकाऊ, पण तयारी जास्त. चिनी पोलादी फास्टनरवर (नट-बोल्ट, स्क्रू) युरोपने फेब्रुवारी 2022 पासून 86.5 टक्क्यांपर्यंत अँटी-डंपिंग, म्हणजे पडत्या भावाच्या आयातीला रोखणारं, शुल्क लावलंय. ती जागा भारतीय मालासाठी मोकळी आहे. म्हणूनच माल खरोखर इथलाच आहे का, ही चौकशीही कडक होते.

खरी मेख सीबॅमची, म्हणजे सीमेवरच्या कार्बन आकारणीची. 1 जानेवारी 2026 पासून तिचा प्रत्यक्ष टप्पा सुरू झाला. पैसे आयातदार भरतो, पण कापून घेणार तुमच्याच भावातून. वर्षाला 50 टनांपर्यंत सूट आहे. ती आयातदाराच्या एकूण मालावर मोजतात, तुमच्या एकट्याच्या नाही. 20 टनांचे तीन कंटेनर गेले की मर्यादा संपलीच.

लोक सोलर लावायला धावतात. पोलादात सध्या थेट उत्सर्जनच मोजतात, विजेचं नाही. मोठा आकडा वायर रॉडसोबतच येतो. कोळशावरच्या स्पंज आयर्नचं पोलाद या हिशेबात महाग पडतं. भंगार वितळवून केलेलं बरंच हलकं. तेव्हा पहिलं काम: रॉडच्या पुरवठादाराकडे प्लांटनिहाय उत्सर्जनाचा आकडा लेखी मागा, आणि हीट नंबरवार (पोलादाच्या प्रत्येक वितळणीच्या क्रमांकानुसार) साठा वेगळा ठेवा. साठा एकदा मिसळला की सिद्ध काहीच करता येत नाही. प्रत्यक्ष आकडा मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. नाहीतर युरोपने ठरवलेलं डिफॉल्ट मूल्य लागतं, आणि ते मुद्दामच चढं ठेवलंय.

लाल समुद्र टाळून जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेलं, तर 10 ते 14 दिवस जादा. तेवढं खेळतं भांडवल आहे का, ते बघा.

रशिया

रिझर्व्ह बँकेच्या 11 जुलै 2022 च्या परिपत्रकाने रुपयात बिल करायची वाट मोकळी झाली. भारत तिथून तेल पुष्कळ घेतो, विकतो कमी. म्हणून व्होस्ट्रो खात्यात (परदेशी बँकेच्या भारतातल्या रुपया-खात्यात) रुपये साचतात आणि निर्यातदाराला त्यातून पैसे मिळू शकतात. चलनाची जोखीम तुमच्यापुरती शून्य. पण बेअरिंग, मशिन टूल्ससारख्या मालावर पाश्चात्त्य निर्बंधांची नजर आहे. तुमची बँक अमेरिकी बँकांशी व्यवहार करत असेल, तर ती कागदपत्रं रोखून धरू शकते. म्हणून माल भरण्याआधी बँकेकडून लेखी होकार घ्या; तोंडी ‘होऊन जाईल’ चालणार नाही.

आमचा कल असा: रॉडचा आकडा हातात असेल तर युरोप, नसेल तर तो मिळेपर्यंत दुबई. रशिया फक्त आगाऊ पैशांवर. दुबई आणि युरोपच्या उधारीवर ईसीजीसीचा, म्हणजे सरकारी निर्यात-पतविमा कंपनीचा, विमा घ्या. खरेदीदार बुडाला किंवा त्या देशाने पैसे अडवले तर तो उपयोगी पडतो. रुपया-डॉलर हलल्याचा तोटा त्यात येत नाही, त्यासाठी बँकेत फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच बांधून घेणारा करार, करावा लागतो.

सरकारपुढेही हाच पेच आहे. संत्र्याचं शुल्क वाढल्यावर राज्याने त्यातला निम्मा भार, किलोला 44 रुपये, उचलायचं ठरवलं. असं अनुदान हंगाम तारतं, पण बांगलादेशावरचं अवलंबित्व तसंच राहतं. हिंगण्यात उत्सर्जन मोजणारी आणि तपासणीची तयारी करून देणारी एक सामायिक सोय झाली, तर वीस छोटे कारखाने तो खर्च वाटून घेतील. आज प्रत्येकाला तो एकट्याने करावा लागतो.