आजारी माणूस विश्वासात कमी पडतो का? दोन शिकवणी

कोल्हापुरातल्या आमच्या घरगुती प्रार्थनासभेत हल्ली दोन शिकवणी समोरासमोर येतात. एक मोबाईलवरून आलेली, समृद्धीची: विश्वास पक्का असेल तर पैसा आणि आरोग्य मिळणारच. दुसरी आजी-आजोबांची: दुःखातही देव सोडत नाही.

पहिलीला बायबलमधल्या ३ योहान २ चा, म्हणजे योहानाच्या तिसऱ्या पत्रातल्या दुसऱ्या वचनाचा, आधार देतात. पण तिथे योहान पत्राच्या सुरुवातीला, ज्याला पत्र लिहिलं त्या गायसाचं कुशल चिंतितो, हमी देत नाही. उलट प्रेषित पौलाच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, निघालीच नाही; प्रभूकडून उत्तर मिळालं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ आपला सोबती त्रफिम आजारी पडला, तेव्हा पौल त्याला मिलेत गावात ठेवून गेला. तरुण सहकारी तीमथ्याला त्यानं पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. यांचा विश्वास कमी होता?

पहिलीत उमेद आहे, हे खरं. पण गोळ्या बंद करायला लावणारी उमेद मला खोटी शिकवणच वाटते. १८५२ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या ख्रिस्ती मिशनच्याच कामातून १८९४ साली मिरजेचं रुग्णालय उभं राहिलं, हे आपण विसरतो.

आमच्या मावशींना साखर आहे. आम्ही त्यांच्यासाठी गुडघे टेकतो आणि इन्सुलिनची वेळही चुकवत नाही.