गोव्यातील मोफत विधी सेवा : अटकेत सापडलेल्या परप्रांतीयांच्या किती उपयोगाची?

गोव्यात अटक झालेल्या प्रत्येकाला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, ही गोष्ट ज्यांना सर्वांत आधी कळायला हवी त्यांनाच ती सर्वांत उशिरा कळते. आमच्या शेजारी भाड्याने राहणाऱ्या एका लमाणी कुटुंबातील मुलाला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी नेले, तेव्हा त्याच्या आईसोबत मी न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा कार्यालयात गेलो आणि मुलगा बाहेर येईपर्यंत ही सेवा जवळून पाहिली. तिचा दर्जा मला वाटला होता त्याहून बराच चांगला निघाला. मात्र ती जिथे बसते ती जागा संशय सुरू होतो त्या जागेपासून फार लांब आहे.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये या सेवेचे हक्कदार सांगितले आहेत : अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, स्त्रिया, मुले, अपंग, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असणारे. इथे एक बारकावा आहे. लमाण समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो, परंतु गोव्याच्या यादीत त्याचे नाव नाही आणि एका राज्यातील हा दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत येत नाही. त्यामुळे विजापूरकडून येऊन कळंगुटच्या किनाऱ्यावर माळा विकणाऱ्या किंवा वास्कोच्या बायणा परिसरात मजुरी करणाऱ्या कुटुंबाने जातीचा दाखला पुढे केला, तर तो इथे चालत नाही. कोठडीत असणे एवढा एकच आधार पुरेसा आहे, हे त्या आईला कार्यालयातील स्वयंसेविकेने शांतपणे समजावून सांगितले आणि उत्पन्नाचा दाखला न मागता अर्ज भरून घेतला.

नेमून दिलेल्या वकीलबाईंविषयी मला मनापासून चांगले लिहायचे आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये फौजदारी खटल्यांसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आखली. खासगी वकिलीतून वेळ काढून आलेल्या वकिलापेक्षा हे वकील वेगळे असतात, याचा प्रत्यय इथे आला. त्यांनी आरोपीची कोठडीत भेट घेतली, अटकेची नेमकी वेळ विचारली, अंगावर मार आहे का ते पाहिले, आणि मुलाला कोंकणी येत नाही हे लक्षात येताच कन्नड जाणणाऱ्या सहकाऱ्याला सोबत नेले. आपल्याकडे खालच्या न्यायालयांतले कागद बहुतेक इंग्रजीत असतात. ते त्या मुलाला त्याच्या भाषेत वाचून दाखवले गेले, आणि माझ्या मते वकिलाने करायच्या कामांत हे सर्वांत मोलाचे ठरले.

उणीव आहे ती पहिल्या चोवीस तासांची. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटकेचे कारण कळण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलण्याचा हक्क अटकेपासूनच सुरू होतो. प्रत्यक्षात या सेवेची आणि आरोपीची गाठ बहुधा दंडाधिकाऱ्यांपुढे पडते. तोपर्यंत त्याच्या सह्या घेतल्या गेलेल्या असतात आणि वाड्यावर तो चोर ठरलेला असतो. कुठे घरफोडी झाली की आपण पहिले बोट 'भायल्यां'कडे, म्हणजे बाहेरून आलेल्यांकडे, दाखवतो, आणि पोलिसांची चौकशी पुष्कळदा आपल्याच बोटामागून जाते. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पोर्तुगीज गोव्यात कधी लागू नव्हता आणि ब्रिटिश हद्दीतला तो कायदाही १९५२ मध्ये रद्द झाला. तरीही जन्मावरून माणसाला संशयित धरण्याची सवय आपल्यात मुरलेली आहे. तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी द्यावा लागला, यावरून ही सवय किती खोल आहे ते कळावे. म्हणूनच विधी सेवेचा स्वयंसेवक पोलीस ठाण्यात नेमून दिलेल्या वेळी हजर असायला हवा. भिंतीवरचा फलक वाचता न येणाऱ्यांसाठी पुरेसा नाही.

दुसरी अडचण जामीनदाराची. जामीन मंजूर झाला तरी स्थानिक जामीनदार आणायचा कुठून? घरमालकाने नकार दिला, ठेकेदाराने फोन उचलणे बंद केले, आणि मुलगा आदेशानंतरही कोलवाळच्या तुरुंगातच राहिला. हा प्रश्न जुना आहे. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजार रुपयांचा जामीनदार मागण्यात आला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून ती नाकारण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही पद्धत अन्यायाची ठरवली. पुढे ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि महिनाभरात हमी भरता आली नाही तर न्यायालयाने अट शिथिल करण्याचा विचार करावा. वकीलबाईंनी याच आदेशाचा आधार घेऊन अर्ज केला आणि वैयक्तिक बंधपत्रावर, म्हणजे जामीनदाराविना स्वतःच्या हमीवर, मुलगा सुटला. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. त्यांतील किती जण केवळ जामीनदाराअभावी आत असतील, या विचाराने मला अस्वस्थ होते.

आफ्रिकी नागरिकांनाही कोठडीत असल्यास हीच सेवा मिळते. भारतीयत्वाची अट नाही. २०१३ मध्ये पर्रा येथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला आणि पर्वरीला महामार्ग अडवला गेला. त्यानंतर गोव्यात काळ्या वर्णाच्या माणसाकडे पाहण्याची नजर आणखी कठोर झाली, असे माझे मत आहे. अशा आरोपीला जामीनदार मिळणे तर आणखी दुर्मीळ. जुलै २०२४ मध्ये फ्रँक व्हायटस या नायजेरियन आरोपीच्या प्रकरणात, गूगल नकाशावर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दिसू देण्याची जामिनाची अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. परदेशी नागरिकाचे काम हाती घेतलेल्या प्रत्येक बचाव वकिलाच्या टेबलावर हा निकाल असावा.

ज्यांच्या घरी, शेतात किंवा बांधकामावर बाहेरून आलेली माणसे राबतात, त्यांनी १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवेचा क्रमांक त्या माणसांच्या मोबाइलमध्ये आजच नोंदवून द्यावा. अटक झाल्यास नातेवाइकांनी आरोपीचे नाव, पोलीस ठाणे आणि अटकेची वेळ एवढे सांगितले तरी अर्जाला सुरुवात होते. कागदपत्रे मागाहून देता येतात.