घरी येणारे डॉग ट्रेनर: लॅबला पाच स्टार, कारवानला साडेतीन

कोथरूडमध्ये घरी येऊन शिकवणारे हे दादा लॅब्रेडॉरसाठी एक नंबर. आमची चिकू खाण्यासाठी काहीही करते. उकडलेल्या चिकनचा तुकडा दिसला की ‘बस’ म्हणायच्या आधीच बूड टेकलेलं! शेरू कारवान हाउंड. सशामागे सुसाट सुटणारी, नजरेने शिकार हेरणारी ही जात. चिकन हुंगून मान फिरवतो. गेटबाहेर मांजर हललं की तुम्ही घसा बसेपर्यंत ओरडा, साहेबांचं लक्षच नाही. दादांनी पट्ट्याला जरा हिसका दिला तर दिवसभर रुसवा. शेवटी लांब दोरी लावून मोकळ्या मैदानात शिकवलं, तेव्हा कुठे हाकेला यायला लागला. बीगल असेल तर आधी नीट बोलून घ्या, वास लागला की तेही ऐकत नाही. दादा वेळेचे पक्के. फी मात्र दोघांची वेगवेगळी लावतात, कारवानची जास्त. रास्तच म्हणायची.