अन्नान यांची केन्यातली मध्यस्थी: काम चोख, हमी कच्ची

मध्यस्थी ही सेवा म्हणून पारखायची, तर संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचं केन्यातलं काम घ्यावं. ३० डिसेंबर २००७ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि आधीपासून सत्तेत असलेले मवाई किबाकी यांचा शपथविधी त्याच संध्याकाळी घाईघाईत उरकला. प्रतिस्पर्धी रायला ओडिंगा यांनी निकाल मानला नाही. पुढच्या हिंसाचारात हजारावर माणसं गेली, लाखो बेघर झाली.

अन्नान २२ जानेवारीला नैरोबीत उतरले. सोबत नेल्सन मंडेलांच्या पत्नी ग्रासा माशेल आणि टांझानियाचे माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन म्कापा. त्यांचा आग्रह एकच: मध्यस्थीची वाट एकच हवी. दुसरं दार उघडं दिसलं की नाराज पक्ष तिकडे पळतो आणि मुसळ केरात. दोन दिवसांत दोन्ही नेत्यांचं जाहीर हस्तांदोलन झालं. मग विषयपत्रिका: हिंसा थांबवणं, मदत पोहोचवणं, सत्तेचा पेच आणि शेवटी जमीन, विषमता, राज्यघटना ही जुनी दुखणी. पचायला हलकं आधी वाढलं, म्हणून पहिले दोन विषय फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच हातावेगळे झाले.

गाडी तिसऱ्यावर रुतली. निवडणूक कोण जिंकलं हा वाद चौकशी आयोगाकडे सोपवला, हे शहाणपण. दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना त्सावो वेस्ट अभयारण्यातल्या किलागुनी लॉजवर नेलं आणि विरोधकांनी मिळून सरकार कसं चालवायचं हे सांगायला जर्मन मंत्री गेर्नोट एर्लर यांना बोलावलं. (आपल्याकडे या विषयाला पाहुणा लागत नाही.) तरीही ओडिंगांसाठीच्या नव्या पदाला, म्हणजे पंतप्रधानाला, अधिकार किती, यावर घोडं अडलं. २६ फेब्रुवारीला अन्नान यांनी ती बोलणी थांबवली आणि थेट किबाकी-ओडिंगांना समोर बसवलं. २८ ला सह्या. पंतप्रधानाला सरकारी कामकाजाच्या ‘समन्वयाचा आणि देखरेखीचा’ अधिकार मिळाला आणि हटवायचं तर संसदेत अविश्वास ठराव. हे दुसरं कलम नसतं, तर पद राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर लोंबकळलं असतं.

‘समन्वय’ हा शब्द मात्र सैल. खातेवाटपाची ओढाताण एप्रिलपर्यंत चालली, मंत्री चाळिसावर गेले. २०१० ची नवी राज्यघटना ही जमेची मोठी बाजू; न्यायाचं खातं रिकामं. हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगाचा, संशयितांच्या नावांचा बंद लिफाफा अन्नान यांच्याकडे आला. देशातलं विशेष न्यायालय संसदेत अडकलं, लिफाफा २००९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे गेला आणि तिथले खटले पुढे कोसळले.

ही सेवा मागवण्याआधी पाठीशी कोण आहे ते बघा. केन्यात आफ्रिकी संघ, अमेरिका, ब्रिटन एकाच सुरात होते. २०१२ मध्ये सीरियात हेच अन्नान, हातात सहा कलमी आराखडा. पण सुरक्षा परिषदच दुभंगलेली. फेब्रुवारीत नेमणूक, ऑगस्टमध्ये राजीनामा.