म्युझस्कोर ४ मध्ये मेजर-मायनर की सिग्नेचर: बरेच महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले बंद करतोय असं कंपनीनेच जाहीर केलं, ३५ वर्षं चाललेलं, संगीत स्टाफ नोटेशनमध्ये लिहायचं सॉफ्टवेअर, आणि माझ्यासारख्या लोकांना दुसरं घर शोधणं भाग पडलं. मी म्युझस्कोर ४ वर आलो, कारण एकतर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि ग्रुपमधल्या वाजवणाऱ्यांनाही स्वतःच्या लॅपटॉपवर फाईल उघडून बघता येते. त्याचे आवाज, लेआउट, टेम्प्लेट यावर भरपूर लोकांनी लिहिलंय, मी फक्त की सिग्नेचरबद्दल (ओळीच्या सुरुवातीला शार्प-फ्लॅटच्या ज्या खुणा लावतात त्याबद्दल) लिहितो, कारण आपल्याकडे गाण्यांच्या अरेंजमेंट लिहिणाऱ्यांचं सगळ्यात जास्त डोकं तिथंच खर्च होतं.

आधी आपली परिस्थिती. गायक येतो आणि सांगतो "माझी काळी एक" (हार्मोनियमच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी), गायिका म्हणते "काळी चारच्या वर नको". म्हणजे आपल्याला सा कुठे आहे ते कळलं, बस. आता कागदावर शार्प (सूर अर्धा वर नेणारी खूण) किती, फ्लॅट (अर्धा खाली नेणारी) किती, हे गाणं मेजर अंगाचं (बिलावलसारखं) आहे की मायनर (आसावरीसारखं) यावर ठरतं, आणि काळ्या पट्ट्यांवर तर नावच बदलतं. काळी एक मेजर असेल तर डी फ्लॅट लिहायचं, पाच फ्लॅट (सी शार्प मेजर लिहिलं तर सात शार्प, वाजवणारा शिव्या घालेल), आणि तीच काळी एक मायनर असेल तर सी शार्प, चार शार्प, कारण डी फ्लॅट मायनर नावाची की सिग्नेचर नसतेच. काळी चार मेजर म्हणजे ए फ्लॅट, चार फ्लॅट, मायनर म्हणजे जी शार्प, पाच शार्प. काळी पाच दोन्हीकडे बी फ्लॅटच, पण मेजरला दोन फ्लॅट आणि मायनरला पाच. काळी तीन मेजर कसंही लिहा, सहा शार्प नाहीतर सहा फ्लॅट, सुटका नाही, मायनर मात्र एफ शार्प, तीनच शार्प. हे पाठ असेल तर म्युझस्कोर सोपं जातं, नसेल तर आधी हे एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा आणि मग पुढे वाचा.

नवीन स्कोर उघडताना जो विझार्ड येतो त्यात मेजर आणि मायनर असे वेगळे टॅब आहेत, मायनर टॅबमध्ये सी शार्प मायनर दिसतं, क्लिक करा, झालं. हे मस्त आहे. पण एकदा स्कोर सुरू झाला की डावीकडच्या पॅलेटमध्ये एकेका चित्राला जोडीने नाव, जी मेजर आणि ई मायनर एकाच खणात. तार्किकदृष्ट्या बरोबरच आहे, शार्पची संख्या एकच, छापील पानावर दोन्हींत काडीचा फरक नाही. फक्त आपण सा धरून विचार करतो आणि पॅलेट खुणांची संख्या धरून विचार करतं, त्यामुळे सुरुवातीला दर वेळी मनात एक उडी मारावी लागते.

ही उडी चुकली की काय होतं त्याचं नमुनेदार ठिकाण म्हणजे टूल्समधलं ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर दुसऱ्या पट्टीत नेणं. समजा गाणं ए मायनरमध्ये म्हणजे पांढरी सहामध्ये लिहिलंय, गायक बदलला, आता काळी एक हवी. ट्रान्सपोजमध्ये "टू की" निवडलं की यादी येते आणि त्यातही जोड्याच, नवखा माणूस यादीत सी शार्प शोधतो, त्याला सी शार्प मेजर / ए शार्प मायनर ही ओळ दिसते, तो ती निवडतो, आणि गाणं जातं काळी पाचात, वर सात शार्प लटकलेले. सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलंय! हवी असलेली ओळ ई मेजर / सी शार्प मायनर ही, चार शार्पवाली. मायनर गाणं असेल तर जोडीतलं दुसरं नाव वाचायचं, एवढं डोक्यात बसलं की पुढे त्रास नाही. तिथंच खाली कॉर्डची नावंही सोबत बदलायची का याचा चौकोन आहे, तो टिक आहे ना एकदा बघून घ्या, नाहीतर सूर काळी एकमध्ये आणि कॉर्ड पांढरी सहाचे, आणि गिटारवाला बिचारा इमानदारीने ए मायनर धरून बसेल.

आणि हेही, नुसती पॅलेटमधून नवीन की सिग्नेचर टाकली तर सूर हलत नाहीत. जे सूर होते तेच राहतात, फक्त त्यांच्यापुढे हव्या त्या खुणा आपोआप येतात. पट्टी बदलायची असेल तर ट्रान्सपोज, लिखाण नीट करायचं असेल तर पॅलेट. मला ही वागणूक फार आवडते, कारण कोणी मायनर गाणं बिनखुणांचं लिहून पाठवलं आणि प्रत्येक सुरापुढे फ्लॅट ठोकले असतील तर वर बरोबर सिग्नेचर टाकली की पान एका क्षणात स्वच्छ होतं.

आता मुखडा मायनर, अंतरा मेजर, सा तोच, असली गाणी आपल्याकडे ढिगाने. सा पांढरी दोन असेल तर काही नाही, डी मायनर एक फ्लॅट, डी मेजर दोन शार्प, अंतऱ्याच्या पहिल्या मापावर नवी सिग्नेचर टाकायची. काळी एकवर मात्र मजा येते, मुखडा सी शार्प मायनर चार शार्प आणि अंतरा डी फ्लॅट मेजर पाच फ्लॅट, म्हणजे वाजवणाऱ्याचं बोट त्याच काळ्या पट्टीवर आणि कागदावर सा एक पायरी वर सरकलेला. विचित्र दिसतं पण हाच शिरस्ता आहे, शोपँच्या रेनड्रॉप प्रिल्यूडमध्ये नेमकं हेच उलट बाजूने आहे, बाहेर डी फ्लॅट मेजर आणि मधला भाग सी शार्प मायनर. मी आता बिनधास्त तसंच लिहितो. सिग्नेचर ओळीच्या सुरुवातीलाच बदलत असेल तर आधीच्या ओळीच्या शेवटी सूचनेची सिग्नेचर म्युझस्कोर स्वतः दाखवतं, नको असेल तर प्रॉपर्टीजमधून बंद होते, पण करू नका, साईट रीडिंग करणाऱ्याचा, म्हणजे कागद बघून तिथल्या तिथे वाजवणाऱ्याचा, तोच आधार असतो.

की सिग्नेचर सिलेक्ट केली की त्याच प्रॉपर्टीजमध्ये मोड नावाचं एक खातं आहे, मेजर, मायनर, डोरियन, फ्रिजियन वगैरे सगळं. बघून मला वाटलं की चला, आता याला गाणं मायनर आहे हे कळेल. तसं नाही. ते बदललं तरी पानावर काहीही बदलत नाही, ती फक्त फाईलमधली नोंद. पण निरुपयोगी म्हणता येणार नाही, कारण म्युझिकएक्सएमएलमध्ये (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात स्कोर न्यायचा फाईल फॉरमॅट) सिग्नेचर म्हणजे एक आकडा असतो, उणे म्हणजे फ्लॅट, अधिक म्हणजे शार्प, आणि मोड वेगळा, तोही ऐच्छिक. एका ओळखीच्यांनी दुसऱ्याच एका विकतच्या सॉफ्टवेअरमधून (नाव राहू दे) पाठवलेल्या फायलीत प्रत्येक मायनर गाणं मेजर म्हणून नोंदलेलं होतं. पुढे कोणाला फाईल द्यायची असेल तर मोड भरून द्या.

कीबोर्डवरून सूर भरताना हा जोडीचा हिशेब परत भेटतो. बिनखुणांच्या सिग्नेचरमध्ये जी आणि ए मधली काळी पट्टी दाबली की माझ्याकडे जी शार्प उमटतो. ए मायनरला हे अगदी हवं तेच, शुद्ध नी सिग्नेचरमध्ये नसतोच, तो प्रत्येक वेळी खूण लावूनच लिहायचा, ई सेव्हन कॉर्डचं सगळं बळ त्यातच. पण गाणं सी मेजरमध्ये असेल आणि कोमल धैवत लागत असेल तर तिथं ए फ्लॅट हवा. सूर सिलेक्ट करून कीबोर्डवरचं J अक्षर दाबा, नाव बदलतं. लांबलचक गाण्यात हे काम कंटाळवाणं आहे हे खरं. तुलनेसाठी सांगतो, डोरिको नावाच्या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट-के दाबून कॅपिटल डी टाईप केलं तर डी मेजर आणि छोटं डी केलं तर डी मायनर, म्हणजे तिथं सा आणि अंग दोन्ही सांगूनच सिग्नेचर टाकता येते. मला हे फार पटतं. पण त्याच्या मोठ्या आवृत्तीची किंमत बघून मी गप्प बसलो.

रागातल्या बंदिशी लिहिणाऱ्यांनी फार आशा ठेवू नये. बिलावल म्हणजे मेजर, आसावरी म्हणजे नॅचरल मायनर, काफी डोरियन, खमाज मिक्सोलिडियन, इथपर्यंत नेहमीच्या सिग्नेचरमध्ये भागतं. भैरवसाठी कोमल रे आणि कोमल ध एवढेच दोन फ्लॅट असलेली कस्टम सिग्नेचर बनवता येते, मी बनवलीही, पण व्हायोलिनवाल्याने दोन फ्लॅट बघून सवयीने बी फ्लॅट, ई फ्लॅट धरले. त्यापेक्षा साधी मेजर सिग्नेचर आणि सुरांपुढे खुणा, हेच बरं.

शेवटी सॅक्सोफोन. काळी एक मायनर म्हणजे चार शार्प, आल्टो सॅक्सला लिहिलेला सूर आणि ऐकू येणारा सूर वेगळा, म्हणून त्याच्या पानावर त्यात आणखी तीन मिळतात, म्हणजे ए शार्प मायनर, सात शार्प. स्टाफ/पार्ट प्रॉपर्टीजमध्ये ट्रान्सपोज झालेल्या सिग्नेचरला शार्प आवडतात की फ्लॅट हे विचारलंय, तिथं फ्लॅट केलं की पाच फ्लॅटांचं बी फ्लॅट मायनर येतं. पार्ट छापायच्या आधी कॉन्सर्ट पिच (सूर ऐकू येतात तसेच दाखवणारी सोय) बंद करून हे पान एकदा डोळ्याखालून घाला, रिहर्सलला कळण्यापेक्षा घरीच कळलेलं बरं.